जेनर पार्कचा ताळेबंद : बॅरी टाऊन या वेल्श फुटबॉल क्लबचे प्रकरण

1 ऑगस्ट 2001 रोजी दक्षिण वेल्समधील बॅरी या बंदराच्या गावात, जेनर पार्क नावाच्या साध्या मैदानावर, बॅरी टाऊन या क्लबने पोर्तुगालच्या एफसी पोर्टोला 3–1 असे हरवले. चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या सर्वोच्च क्लब स्पर्धेच्या पात्रता फेरीतला हा परतीचा सामना होता. आठवडाभर आधी पोर्टोच्या घरच्या मैदानावर बॅरीने 8–0 असा सपाटून मार खाल्लेला असल्यामुळे या विजयाने फेरीचा निकाल बदलणार नव्हता, हे मैदानावरच्या प्रत्येकाला ठाऊक होते. तरीही त्या संध्याकाळी फळ्यावर जे आकडे लागले ते लागलेच. पुढच्या तीन वर्षांत या दोन क्लबांच्या वाटा ज्या रीतीने फाकल्या, त्यातच या प्रकरणाचा गाभा आहे. पोर्टोने 2003 मध्ये यूएफा चषक ही युरोपातली दुसऱ्या क्रमांकाची स्पर्धा आणि मे 2004 मध्ये खुद्द चॅम्पियन्स लीग जिंकली. त्याच 2004 च्या वसंतात बॅरी टाऊन वेल्सच्या सर्वोच्च श्रेणीत तळाला राहून खाली घसरला. आणि 2013 मध्ये तर या क्लबचे नाव कोणत्याही स्पर्धेच्या तक्त्यात उरेल की नाही, हे ठरवण्यासाठी कार्डिफच्या न्यायालयाची पायरी चढावी लागली.

वेल्समधल्या निम-व्यावसायिक क्लबांच्या पैशांविषयी बोलताना बॅरीचे उदाहरण नेहमी अति महत्त्वाकांक्षेचा इशारा म्हणून दिले जाते. मला ते वाचन अपुरे वाटते. बॅरीने मोठी उडी घेण्याचा निर्णय घेतला, त्यामागे हिशेब होता आणि तो हिशेब काही काळ बरोबरही ठरला. चूक झाली ती दोन ठिकाणी: दर महिन्याला द्यावा लागणारा पगार वर्षातून एकदा, तोही आला तर येणाऱ्या पैशावर टांगला गेला, आणि क्लब नेमका कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न पैसा येत होता तोवर कोणी विचारला नाही. या दोन्ही गोष्टी एकामागून एक कशा घडत गेल्या, ते पाहण्यासाठी आधी गाव आणि स्पर्धा यांची ओळख करून घ्यावी लागते.

गाव, मैदान आणि 1992 चा पेच

बॅरी हे कोळशाने वसवलेले गाव आहे. ऱ्होंडा खोऱ्यातला कोळसा कार्डिफच्या गोदीत तुंबू लागला, म्हणून खाणमालक डेव्हिड डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथे नवी गोदी बांधली. ती 1889 मध्ये सुरू झाली आणि पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर या गोदीतून कार्डिफपेक्षाही अधिक कोळसा बाहेर जात होता. फुटबॉल क्लब स्थापन झाला तो याच भरभराटीच्या काळात, 1912 मध्ये, आणि पुढच्याच वर्षी जेनर पार्कवर खेळ सुरू झाला. कोळसा गेला, गोदी ओस पडत गेली, गाव उन्हाळी पर्यटकांवर आणि कार्डिफला रोज जा-ये करणाऱ्या नोकरदारांवर जगू लागले. कार्डिफ इथून जेमतेम पंधरा किलोमीटर. ही जवळीक गावाच्या पोटापाण्याला उपकारक असली, तरी क्लबच्या तिकीटखिडकीसाठी ती कायमची डोकेदुखी आहे. कारण शनिवारी दुपारी ज्याला फुटबॉल पाहायचा आहे त्याच्यासमोर कार्डिफ सिटी हा इंग्लंडच्या व्यावसायिक लीगमध्ये खेळणारा मोठा क्लब अर्ध्या तासाच्या अंतरावर उभा असतो.

वेल्सच्या फुटबॉलची रचनाच मुळात अशी चमत्कारिक आहे. कार्डिफ, स्वॉन्झी, रेक्सहॅम हे मोठे क्लब इंग्लंडच्या रचनेत खेळतात, आणि देशाची स्वतःची राष्ट्रीय लीग उरलेल्या लहान क्लबांच्या बळावर चालते. ही लीग जन्मली 1992 मध्ये. स्वतःची राष्ट्रीय लीग नसताना वेल्सला जागतिक फुटबॉलमध्ये स्वतंत्र राष्ट्राचा दर्जा का असावा, असा प्रश्न बाहेरून विचारला जाऊ लागला होता. तेव्हा वेल्सच्या फुटबॉल संघटनेचे सरचिटणीस ॲलन इव्हान्स यांनी पुढाकार घेतला आणि इंग्लंडच्या बिगर-लीग, म्हणजे व्यावसायिक लीगच्या खालच्या स्पर्धांत खेळणाऱ्या वेल्श क्लबांना घरी परतण्याचा आदेश निघाला. आठ क्लबांनी विरोध केला, आणि बॅरी त्यांतला एक होता. 1992-93 चा हंगाम या क्लबने ‘बॅरी’ या नावाचे वेल्श रूप धारण करून इंग्लंडमधल्या वूस्टर गावी परागंदा अवस्थेत काढला. स्वतःच्या गावापासून इतक्या दूर ‘घरचे’ सामने खेळायला निघालेल्या क्लबाच्या मागे किती प्रेक्षक जाणार? एका हंगामात तो हट्ट संपला आणि 1993 मध्ये क्लब वेल्सच्या रचनेत परतला.

परतण्यामागे नाइलाज होताच, पण एक आमिषही होते, आणि ते आमिष पुढच्या सगळ्या घटनांचे मूळ आहे. इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या बिगर-लीग स्पर्धेत कितीही चांगले खेळले तरी वर जायला अनेक पायऱ्या होत्या. वेल्सच्या नव्या लीगमध्ये मात्र पहिला क्रमांक आला की थेट युरोप. मे 1994 मध्ये त्याची चव लगेच कळली. दुसऱ्या श्रेणीतून खेळणाऱ्या बॅरीने वेल्श चषकाच्या अंतिम सामन्यात कार्डिफ सिटीला 2–1 असे हरवले, आणि दोन वर्षांपूर्वी वूस्टरमध्ये उसन्या मैदानावर खेळणारा हा क्लब त्या उन्हाळ्यात युरोपच्या चषकविजेत्यांच्या स्पर्धेत लिथुएनियाच्या संघासमोर उभा राहिला.

पूर्णवेळ होण्याचा हिशेब

निम-व्यावसायिक खेळाडू म्हणजे काय, हे एकदा नीट सांगायला हवे, कारण आपल्याकडे खेळाडू एकतर हौशी असतो किंवा करारबद्ध. वेल्समधला असा खेळाडू दिवसभर शाळेत शिकवतो, गोदामात काम करतो, विजेच्या तारा ओढतो. आठवड्यातून दोन संध्याकाळी सरावाला येतो. आणि सामन्यांच्या बदल्यात क्लबकडून ठरावीक रक्कम घेतो. बहुतेक करार हंगामापुरते असतात. त्यामुळे मे महिन्यात सामने संपले की क्लबच्या पगाराचा बोजाही बराचसा उतरतो. लहान क्लब तगून राहतात ते बऱ्याच अंशी या एका सोयीमुळे. उत्पन्नाच्या बाजूला तिकिटे, मैदानालगतच्या क्लबघरातली विक्री, गावातल्या दुकानदारांच्या आणि कंत्राटदारांच्या जाहिराती, संघटनेचे अनुदान आणि एखाद्या सधन माणसाची पदरमोड एवढेच असते. प्रेक्षक शेकड्यांत मोजायचे. खर्चाच्या बाजूला पगाराखालोखाल बोचतो तो प्रवास: बॅरीहून उत्तरेतल्या केर्नारव्हॉन किंवा बँगोरला जायचे तर डोंगरातल्या वळणांच्या रस्त्याने बस साधारण चार तास धावते. उत्तर-दक्षिण जोडणारा महामार्ग वेल्समध्ये नाही, आणि कामाच्या दिवशी संध्याकाळी सामना असेल तर खेळाडूंना नोकरीवरून अर्धा दिवस सुटी काढावी लागते.

या चौकटीतून बाहेर पडायचे बॅरीने 1990 च्या दशकाच्या मध्यावर ठरवले. क्लबमागे नील ओ’हॅलोरन हे उभे होते. एकेकाळी कार्डिफ सिटीकडून खेळलेले आणि नंतर व्यवसायात स्थिरावलेले हे गृहस्थ 1995 मध्ये वारले, आणि त्यांच्या पत्नी पॉला ओ’हॅलोरन यांनी ती जबाबदारी पुढे चालवली. वेल्सच्या लीगमध्ये संपूर्ण संघ पूर्णवेळ पगारावर ठेवणारा बॅरी हा पहिला क्लब. हिशेब सरळ होता. बाकीचे संघ दोन संध्याकाळी सराव करतात, आपण रोज सकाळी करू, लीग जिंकू, युरोपात जाऊ, तिथून येणाऱ्या पैशातून आणि खेळाडू विकून पगार भागवू.

पहिली दोन वर्षे हा हिशेब जुळला. 1996 मध्ये लीग जिंकल्यावर बॅरीला यूएफा चषकात प्रवेश मिळाला. त्या काळी लहान देशांच्या विजेत्यांना चॅम्पियन्स लीगचे दार बंद होते, म्हणून त्यांना यूएफा चषकात पाठवले जाई; आणि तिथल्या सुरुवातीच्या फेऱ्यांत तुल्यबळ प्रतिस्पर्धी मिळण्याची शक्यता असे. बॅरीने लाटव्हियाच्या दिनाबुर्गला हरवले. हंगेरीच्या बीव्हीएससी संघाकडून 3–1 असा पराभव पत्करून घरी त्याच फरकाने परतफेड केली आणि पेनल्टींवर फेरी जिंकली. मग मुख्य स्पर्धेच्या पहिल्या फेरीत स्कॉटलंडच्या ॲबर्डीनशी गाठ पडली: तिकडे 3–1 असा पराभव, आणि जेनर पार्कवर 3–3. गोदीकामगारांच्या नातवंडांनी आपल्या गावातल्या मैदानात ॲबर्डीनसारख्या, युरोपच्या चषकविजेत्यांची स्पर्धा जिंकलेल्या क्लबावर तीन गोल होताना पाहिले. याला अति महत्त्वाकांक्षा म्हणायला माझे मन तयार होत नाही.

यानंतर मात्र नियम बदलला, आणि तो बदल दिसायला बॅरीच्या बाजूचा होता. 1997 पासून लहान देशांच्या विजेत्यांनाही चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत घेण्यात आले. नाव मोठे झाले, पण सोडतीत वेल्सचा विजेता तळाच्या गटात, म्हणून समोर डायनामो कीव्ह. 1997 मध्ये 0–2 आणि 0–4; 1998 मध्ये पुन्हा तोच संघ, या वेळी 0–8 आणि 1–2. पहिल्या पात्रता फेरीत हरलेल्या विजेत्याला आज खालच्या युरोपीय स्पर्धेत दुसरी संधी मिळते, तशी सोय त्या काळी नव्हती. दोन सामने संपले की जुलैतच युरोप संपला, आणि पुढचे अकरा महिने पूर्णवेळ संघाचा पगार चालू. 1999 मध्ये माल्टाच्या व्हॅलेटाशी बरोबरीची झुंज होती, तीही एका गोलाने हातची गेली.

देशांतर्गत चित्र याहून विचार करायला लावणारे आहे. 1997-98 च्या हंगामात बॅरीने लीगमधले 38 सामने खेळले; 33 जिंकले, 5 बरोबरीत सोडवले, एकही हरला नाही. खेळाच्या दृष्टीने याहून चांगला हंगाम असू शकत नाही. पैशाच्या दृष्टीने मात्र या आकड्यांत क्लबची अडचण दडलेली आहे. रोज सकाळी सराव करणारा संघ दिवसभर राबून आलेल्या संघांना हरवत राहिला, तर तिसऱ्या-चौथ्या महिन्यानंतर तटस्थ प्रेक्षकाला तिकीट काढून यायला कारण उरत नाही, कारण निकाल घरी बसूनही सांगता येतो. म्हणजे पगाराचा खर्च व्यावसायिक क्लबाचा आणि तिकीटखिडकी निम-व्यावसायिक लीगची, अशी ही कुतरओढ होती. आणि ती बॅरीच्या हातात नव्हती, कारण प्रतिस्पर्धी तगडे करणे एकट्या बॅरीच्या आवाक्यातले काम नव्हते.

खेळाडू विकण्याचा मार्ग होता. मार्च 1999 मध्ये आघाडीचा गोल करणारा आयव्हिऑन विल्यम्स इंग्लंडच्या टॉर्की युनायटेडला 70,000 पौंडांना विकला गेला. वेल्सच्या लीगसाठी ही फार मोठी रक्कम, पण वीसेक पूर्णवेळ खेळाडूंच्या पगारपत्रकापुढे ठेवली तर ती काही महिन्यांचा श्वास देते, इतकेच. आणि असा खेळाडू दरवर्षी निपजत नाही. इंग्लंडच्या क्लबांनाही वेल्सच्या लीगमधून खेळाडू घेण्याची सवय नव्हती. म्हणून मिळकतीचा तो पाय नेहमीच लंगडा राहिला.

कोसळणे

2001, 2002 आणि 2003 अशी सलग तीन वर्षे बॅरीने लीग आणि वेल्श चषक दोन्ही जिंकले. पोर्टोविरुद्धची ती संध्याकाळ या काळातलीच; त्या वर्षी आधीच्या फेरीत अझरबैजानच्या शामकीरला दोन्ही सामन्यांत हरवून बॅरीने वेल्सच्या विजेत्याला चॅम्पियन्स लीगमधला फेरीविजय मिळवून दिला होता. पुढच्या वर्षी लाटव्हियाच्या स्कोंटोकडून पहिल्याच फेरीत पराभव झाला. ज्या वर्षी दोन फेऱ्या खेळायला मिळाल्या ते वर्ष चांगले, ज्या वर्षी एक ते वाईट, आणि पगारपत्रक दोन्ही वर्षी तेच. शेतकऱ्याने पावसाच्या भरवशावर कर्ज काढावे आणि हप्ता मात्र दरमहा ठेवावा, तशातली ही गत होती.

ओ’हॅलोरन घराण्याचा हात निघाल्यावर क्लब हस्तांतरित होत गेला, आणि 2002 च्या अखेरीस इंग्लंडचे माजी खेळाडू जॉन फॅशनू अध्यक्ष झाले. त्यांचे नाव मोठे, दूरचित्रवाणीवरचा चेहरा ओळखीचा, आणि जाहीर झालेल्या योजनाही तितक्याच भव्य. पैसा मात्र आला नाही. हंगाम संपता संपता पगार थकले होते, आणि तरीही त्या खेळाडूंनी लीग जिंकली आणि चषकाचा अंतिम सामना पेनल्टींवर जिंकला. पगाराची खात्री नसताना खेळून दुहेरी मुकुट मिळवणाऱ्या त्या संघाविषयी मला फार आदर वाटतो. क्लबच्या इतिहासातल्या सगळ्या करंडकांत तो शेवटचा जोड मला सर्वांत जड वाटतो.

2003 च्या उन्हाळ्यात मॅसिडोनियाच्या वर्दार स्कोप्येकडून तिकडे 3–0 ने हरून बॅरीने जेनर पार्कवर 2–1 असा विजय मिळवला. तोही फेरीसाठी निरुपयोगी. त्याच उन्हाळ्यात क्लब कर्जामुळे प्रशासकांच्या हाती गेला. पूर्णवेळ खेळाडूंना सोडून द्यावे लागले, आणि नवा हंगाम मिळतील त्या तरुण व हौशी मुलांना घेऊन सुरू करावा लागला. त्यांची काय अवस्था झाली असेल ते सांगायला नको. सात वेळा लीग जिंकलेला क्लब आदल्या वर्षी हरवलेल्या संघांकडून मार खात राहिला आणि 2004 मध्ये घसरला.

मालक कोण?

इथून पुढचा दहा वर्षांचा काळ फुटबॉलच्या पुस्तकांत दोन ओळींत उरकला जातो. पण माझ्या मते प्रकरणाचा सर्वांत बोधक भाग तोच आहे. क्लब नव्या मालकाच्या नावावर गेला. त्याला तो विकायचा होता, ग्राहक मिळत नव्हता, आणि पैसा आटत गेला. काही काळ तर क्लबला जेनर पार्कही सोडावे लागले. मैदान स्थानिक नगरपालिकेचे, संघ खासगी मालकाचा, आणि क्लबवर जीव असलेली माणसे मात्र कागदावर कोणीच नाहीत, अशी ती त्रांगड्याची स्थिती होती.

2007 पासून गॅव्हिन चेस्टरफील्ड प्रशिक्षक होते. ते राहिले, हे महत्त्वाचे. काही वर्षांनी चाहत्यांच्या समितीने क्लबचा रोजचा कारभार अंगावर घेतला: पैसे गोळा करणे, खेळाडूंची नोंदणी, बस ठरवणे, गणवेश धुणे, मैदानाचे भाडे भरणे, सामन्याच्या दिवशी फाटकावर उभे राहणे. म्हणजे खर्च समिती करत होती आणि कष्टही तीच करत होती. पण संघटनेच्या लेखी क्लब मालकाचाच होता. स्पर्धेत खेळण्याचा हक्क ज्याच्या नावावर, तोच तो सोडूनही देऊ शकतो. मे 2013 मध्ये नेमके तेच झाले. हंगामातले दोन सामने उरले असताना मालकाने क्लब स्पर्धेतून काढून घेतला.

समितीने संघटनेकडे धाव घेतली. त्यांचे म्हणणे असे की संघ आम्ही चालवत आलो आहोत, खेळाडू आहेत, प्रशिक्षक आहे, मैदान आहे, पैशाची सोय आहे. आम्हाला त्याच रचनेत खेळू द्या. संघटनेच्या परिषदेने नकार दिला आणि बॅरीला अगदी तळाच्या, केवळ विरंगुळ्यासाठी खेळल्या जाणाऱ्या स्थानिक फुटबॉलमध्ये ढकलण्याची वेळ आली. तेव्हा चाहत्यांनी न्यायालयात जाण्याचा निर्णय घेतला. लहान क्लबाच्या चाहत्यांनी राष्ट्रीय संघटनेविरुद्ध दावा लावायचा म्हणजे हरल्यास खर्च आपल्या अंगावर. ऑगस्ट 2013 मध्ये कार्डिफमधल्या उच्च न्यायालयाने संघटनेने बेकायदा वर्तन केले असा निर्णय दिला, आणि ‘बॅरी टाऊन युनायटेड’ या नावाने क्लबला राष्ट्रीय लीगखालच्या, दक्षिणेकडच्या वेल्श लीगच्या तिसऱ्या श्रेणीत प्रवेश मिळाला.

हा निकाल भावनिक विजय म्हणून साजरा झाला, आणि ते योग्यच होते. त्याचा आर्थिक अर्थ मात्र कमी लोकांनी ओळखला. वेल्समधल्या बहुतेक लहान क्लबांकडे विकण्यासारखी मालमत्ता नसते. मैदान पालिकेचे, खेळाडू हंगामी करारावर, कार्यालय म्हणजे कोणाच्या तरी घरातले एक कपाट. क्लबकडे खरी किंमत असलेली एकच वस्तू असते: अमुक श्रेणीत खेळण्याचा हक्क. ती वस्तू कोणाच्या नावावर आहे, यावर बाकी सगळे अवलंबून. बॅरीच्या वैभवाच्या काळात ती घराण्याच्या नावावर होती, नंतर अध्यक्षाच्या, नंतर मालकाच्या. 2013 नंतर ती पहिल्यांदाच क्लब चालवणाऱ्यांच्या हाती आली.

पुन्हा वर

नव्या क्लबने पूर्णवेळ होण्याचे नाव काढले नाही. सलग दोन हंगामांत दोन श्रेणी ओलांडून, 2017 मध्ये वेल्श लीगची पहिली श्रेणी जिंकून बॅरी तेरा वर्षांनी सर्वोच्च लीगमध्ये परतला. ती लीग आता बदललेली होती. 2010 मध्ये संघ 18 वरून 12 वर आणले गेले होते आणि वर येण्यासाठी केवळ गुण पुरत नव्हते, परवाना लागत होता. मैदानावरची आसने आणि प्रकाशझोत, प्रशिक्षकांची पात्रता, बालगटाचे संघ, आणि हिशेबाची कागदपत्रे हे सगळे तपासून तो दिला जातो. या परवान्याविषयी क्लबांची तक्रार अशी की त्यातल्या अटी पूर्ण करण्यासाठीच निम्मा पैसा जातो. तक्रार खोटी नाही. पण 2003 मध्ये बॅरीच्या हिशेबवह्या कोणी अशा नजरेने पाहिल्या असत्या, तर निदान थकलेले पगार इतके साचले नसते.

परवाना अडवणूकही करू शकतो, हे 2018 मध्ये बँगोर सिटीने अनुभवले. दुसरा क्रमांक मिळवूनही आर्थिक निकषांवर परवाना नाकारला गेला आणि क्लब खालच्या श्रेणीत गेला. पुढच्या वर्षी तिथल्या चाहत्यांनी बँगोर 1876 हा नवा क्लब काढला. नीथ 2012 मध्ये, लानेली 2013 मध्ये, रिल 2020 मध्ये बंद पडले. लानेली आणि रिल तर एकेकाळचे लीगविजेते. त्यांच्याही गावांत चाहत्यांनी नवी संस्था उभारून तळापासून सुरुवात केली. बॅरीत वेगळे घडले ते एवढेच, की न्यायालयाच्या निकालाने तळ थोडा वर उचलला.

मैदानावर 2018 मध्ये सातवा आणि 2019 मध्ये तिसरा क्रमांक आला, आणि बॅरी पुन्हा युरोपात गेला. उत्तर आयर्लंडच्या क्लिफ्टनव्हिलने दोन सामन्यांत मिळून 4–0 असे हरवले. पुढच्या वर्षी फेरो बेटांवरच्या रूनाविकमध्ये एकाच सामन्यात 5–1 असा पराभव झाला. निकाल 1996 च्या जवळपासही जाणारे नाहीत. पण युरोपातून आलेला पैसा या वेळी पगारपत्रकात आधीच मोडलेला नव्हता, म्हणून पराभवाने कोणाची चूल विझली नाही. 2022 मध्ये क्लब खालच्या श्रेणीत घसरला, तेव्हाही हीच गोष्ट दिसली. प्रशासक आले नाहीत, खेळाडूंची पळापळ झाली नाही. दक्षिणेची श्रेणी जिंकून बॅरी 2023 मध्ये वर आला. घसरणे ही खेळातली एक घटना राहिली, संस्थेच्या जिवावर बेतली नाही. माझ्या दृष्टीने 2019 च्या युरोपवारीपेक्षा 2022-23 चा तो हंगाम या क्लबच्या कारभाराविषयी जास्त सांगून जातो.

आता पुढचा प्रश्न समोर आला आहे. पूर्णवेळ संघ ठेवून, एका मालकाच्या दीर्घ पाठबळावर, द न्यू सेंट्स या क्लबने बॅरीचा जुना मार्ग चोखाळला आणि 2024 मध्ये तो यूएफा कॉन्फरन्स लीग या युरोपातल्या तिसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धेच्या मुख्य टप्प्यात पोहोचणारा वेल्सच्या लीगमधला पहिला क्लब ठरला. त्या टप्प्यावर मिळणारी रक्कम निम-व्यावसायिक क्लबाच्या कित्येक वर्षांच्या खर्चाइतकी आहे. दुसरीकडे, 2026-27 च्या हंगामापासून लीग 16 संघांची करण्याचा निर्णय संघटनेने घेतला आहे. जास्त संघ म्हणजे जास्त जागा, आणि उत्तरेच्या रस्त्याने बसच्या जास्त फेऱ्या. अशा वेळी प्रत्येक क्लबात कोणीतरी बैठकीत हात वर करून म्हणतोच की आपणही दोनचार खेळाडू पूर्णवेळ घेऊ, एकदा वर पोहोचलो की पैसे वसूल. बॅरीच्या बैठकीत हे बोलणे झाले तर ऐकणाऱ्यांत अशी माणसे असतील ज्यांनी पोर्टोला हरवलेले पाहिले आहे आणि त्यानंतर बारा वर्षांनी न्यायालयाच्या खर्चासाठी वर्गणीही काढली आहे. ती ‘नको’ म्हणतील असे मला वाटत नाही. पहिली युरोपीय फेरी हरलो तर मार्चचा पगार कुठून द्यायचा, हा आकडा आधी मांडा, असे मात्र ती नक्की म्हणतील.